कूलर की एसी? तक्त्यात नसलेला रकाना

माठातले पाणी गार का होते, असे विचारले तर कोणताही विद्यार्थी उत्तर देतो. माठाला सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून पाणी झिरपते, त्याचे बाष्पीभवन होते, त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते आणि पाणी गार होते. या उत्तराला पूर्ण गुण मिळतात. आता पुढचा प्रश्न विचारून पाहा. मे महिन्यात जळगावच्या माठातले पाणी चांगले गार होते आणि घाटकोपरच्या माठातले जेमतेम कोमट राहत नाही एवढेच. माती तीच, छिद्रे तीच, मग असे का? इथे बहुतेक वर्ग गप्प बसतो, कारण पाठ्यपुस्तकी उत्तरात हवेचा उल्लेखच नसतो. बाष्पीभवन कशातून होते ते सांगितले जाते, कशात होते ते सांगायचे राहून जाते.

ही उणीव माठापुरती असती तर तिच्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण दर वर्षी मार्च उजाडला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत आणि जाहिरातींत ‘कूलर घ्यावा की एसी?’ या प्रश्नाचा एक तक्ता येतो आणि त्यातही नेमकी हीच उणीव असते. एका बाजूला कूलर, दुसऱ्या बाजूला एसी. रकाने किमतीचे, विजेचे, पाण्याचे, देखभालीचे, पर्यावरणाचे. जवळजवळ प्रत्येक रकान्यात कूलर जिंकतो. विज्ञान प्रदर्शनात मुले हाच तक्ता रंगीत कागदावर उतरवतात आणि परीक्षकही त्याला मान डोलावतात. ‘घर कोठे आहे?’ हा रकाना मात्र नसतो. तो नसल्यामुळे उरलेला तक्ता अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या रहिवाशाला दिशाभूल करणारा ठरतो. माझा आक्षेप कूलरला नाही, या तक्त्याला आहे.

हवेचा हिशेब करायचा तर दोन साधे तापमापक पुरेत. एकाच्या फुग्याला मलमलीची पट्टी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या छोट्या भांड्यात सोडावे आणि दोन्ही तापमापकांवर पुठ्ठ्याने वारा घालावा. ओल्या फुग्यावरचे पाणी उडू लागते, फुगा गार होतो. पण तो हवेपेक्षा गार झाला की हवेतून त्याच्याकडे उष्णता येऊ लागते. बाष्पीभवनाने जाणारी आणि हवेतून येणारी उष्णता सारखी झाली की पारा थांबतो. त्या आकड्याला आपण ओले तापमान म्हणू. हवा कोरडी असेल तर तो नेहमीच्या, म्हणजे कोरड्या तापमानाच्या पुष्कळ खाली असतो. हवा बाष्पाने संपृक्त असेल तर दोन्ही पारे एकाच रेषेवर राहतात. (जाता जाता, पाण्याच्या अप्रकट उष्म्याचा ५४० कॅलरी हा पाठ केलेला आकडा १०० अंशांवर उकळणाऱ्या पाण्याचा आहे. ३० अंशांना उडणाऱ्या पाण्याला ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी लागतात.)

कूलर म्हणजे असा एक मोठा ओला फुगाच. बाजूच्या जाळ्यांत भरलेल्या पॅडवरून पंप पाणी सोडतो आणि पंखा बाहेरची हवा त्यांतून ओढून घेतो. कितीही महागडा कूलर आणला तरी त्यातून येणारी हवा ओल्या तापमानाच्या खाली जात नाही. प्रत्यक्षात पॅड चांगले असतील तर कोरड्या आणि ओल्या तापमानातल्या अंतरापैकी पाऊण अंतर तो कापतो असे धरायला हरकत नाही.

आता दोन शहरांचा हिशेब करू. नागपुरात मे महिन्याची दुपार, तापमान ४३ अंश, सापेक्ष आर्द्रता १५ टक्के. ओले तापमान साडेबावीस अंशांच्या आसपास येते. अंतर वीस अंशांचे, त्याचे पाऊण पंधरा. म्हणजे कूलरमधून २८ अंशांची हवा बाहेर येईल आणि तिची आर्द्रता ६०-६५ टक्के असेल. कोणालाही हवीशी वाटावी अशी ही हवा आहे. त्याच महिन्यात सांताक्रूझला तापमान ३३ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के धरा. ओले तापमान साडेसत्तावीस येते. अंतर अवघे साडेपाच अंशांचे, त्याचे पाऊण चार. कूलरमधून २९ अंशांची हवा येईल, पण तिची आर्द्रता ९० टक्के असेल. तासाला २००० घनमीटर हवा फेकणारा एकच कूलर नागपुरात तासाला तेरा-चौदा लिटर पाणी उडवतो, तर मुंबईत चार लिटरसुद्धा नाही. पाणी कमी लागते हा मुंबईपुरता कूलरचा गुण नव्हे. जेवढे पाणी उडाले नाही तेवढी हवा गार झाली नाही, इतकाच त्याचा अर्थ.

‘चार अंश तर चार अंश, काही तरी मिळालेच ना?’ असे कोणी म्हणेल. इथे थोडे थांबायला हवे, कारण या तुलनेतला कळीचा मुद्दा हाच आहे आणि तो कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. कूलर हवेतली उष्णता कोठेही बाहेर टाकत नाही. ती तो बाष्पाच्या रूपात त्याच हवेत ठेवतो. म्हणून कूलरमधून गेल्यावर हवेचे कोरडे तापमान उतरते, पण ओले तापमान जसेच्या तसे राहते. वरच्या उदाहरणात आत जाणाऱ्या हवेचे ओले तापमान साडेसत्तावीस होते आणि बाहेर येणाऱ्या हवेचेही साडेसत्तावीसच.

घामाने भिजलेला माणूस हाही एक ओला फुगाच. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून साधारण १०० वॉट उष्णता सतत बाहेर पडावी लागते. त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. त्वचा पुरती ओली असेल तर तिच्यावरून किती उष्णता निघून जाईल हे हवेचे ओले तापमान आणि वाऱ्याचा वेग या दोन गोष्टींवर ठरते. कूलरने पहिली गोष्ट बदलली नाही. हवा चार अंशांनी गार झाली त्याचा फायदा, आणि घाम वाळण्याची गती मंदावली त्याचा तोटा, असे हे दोन्ही एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात. उरला तो वारा. वारा तर ७५ वॉटचा छताचा पंखाही देतो.

नागपूरकराची स्थिती अगदी वेगळी असते. तिथे घाम त्वचेवर दिसायच्या आत उडून जातो, हवाच शरीरापेक्षा गरम असते आणि उष्णता आत येत असते. गार राहायचे तर शरीराने पाणी पुरवत राहिले पाहिजे. कूलर आला की ते पाणी टाकीतून येते आणि अंगातले वाचते. म्हणून विदर्भात आणि खानदेशात कूलर हे खरोखर उपयोगी यंत्र आहे, आणि कूलर येण्यापूर्वी दाराखिडक्यांना लावून भिजवले जाणारे वाळ्याचे पडदेही त्याच तत्त्वावर चालत.

एक गोष्ट मान्य करायला हवी. वरचे विधान त्वचा पूर्ण ओली असेल तेव्हाच काटेकोरपणे खरे असते. नुकताच अंघोळ करून अंग पुसून कूलरसमोर बसलेल्या माणसाला त्या चार अंशांचे सुख काही काळ निश्चित जाणवेल. म्हणूनच वादापेक्षा प्रयोग बरा. मे महिन्यात ज्याच्या घरी कूलर आहे अशा विद्यार्थ्याने खिडकी उघडी ठेवून अर्धा तास पंप चालू ठेवून आणि अर्धा तास पंप बंद, पॅड कोरडे ठेवून कूलर चालवावा. दोन मीटरवर बसणाऱ्याला कोणती पाळी चालू आहे ते सांगू नये. तो काय सांगतो ते लिहून घ्यावे आणि सोबत दोन्ही तापमापकांचे आकडे नोंदवावेत.

उपनगरातल्या घरांत आणखी एक अडचण असते. कूलर खिडकीच्या बाहेर बसवायला जागा नसते किंवा सोसायटीची परवानगी नसते, म्हणून तो खोलीच्या कोपऱ्यात ठेवला जातो. बाहेरची गरम हवा नको म्हणून खिडक्याही लावून घेतल्या जातात. आता दहा फूट बाय बारा फूट, नऊ फूट उंचीच्या खोलीचा हिशेब करा. तिच्यात सुमारे ३० घनमीटर हवा असते. ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेची ही हवा संपृक्त व्हायला नव्वद-एक मिलिलिटर पाणी, म्हणजे जेमतेम अर्धी वाटी, पुरते. भिंती, गाद्या, कपडे काही ओल शोषून घेतात म्हणून थोडा वेळ जास्त लागतो इतकेच. त्यानंतर कूलर म्हणजे दमट हवा ढवळणारा पंखा. भिंतींमधून, फ्रिजमधून, माणसांच्या अंगातून येणारी उष्णता खोलीतच साठत राहते, पंख्याच्या आणि पंपाच्या मोटारीची उष्णता त्यात भर घालते. डब्याबाहेर राहिलेला पापड सादळतो, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो. टाकी आठवड्याला रिकामी करून कोरडी केली नाही तर डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांची सोय होते ती वेगळीच.

अलीकडे ‘मिनी एसी’ म्हणून विकली जाणारी मूठभर आकाराची डबी तर या हिशेबात बसतच नाही. पाण्याची छोटी पेटी, ओला कागद आणि मोबाइलच्या चार्जरवर चालणारा दहा-एक वॉटचा पंखा एवढाच तिचा संसार. बंद खोलीतली उष्णता बाहेर टाकायची वाटच तिला नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम नववी-दहावीत शिकवल्यावर ही जाहिरात वर्गात वाचून दाखवावी आणि खोलीतली उष्णता कोठे जाते ते मुलांना विचारावे.

मग मुंबईत कूलर खपतात तरी कसे? याचेही उत्तर हवेतच आहे. मार्चमध्ये आणि एप्रिलच्या पूर्वार्धात काही दिवस समुद्रावरचा वारा उशिरा सुटतो आणि तोवर पूर्वेकडून, जमिनीवरून कोरडा तप्त वारा येत राहतो. सांताक्रूझचा ४२.२ अंशांचा उच्चांक मे महिन्यातला नाही, तो १४ एप्रिल १९५२चा आहे. अशा एखाद्या दुपारी ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओले तापमान २३च्या आसपास येते आणि कूलर २७ अंशांची हवा देतो. मुलुंडलाही देतो. खरेदीही त्याच दिवसांत होते. मेमध्ये तेच यंत्र काम करीनासे झाले की घरातले लोक पॅड बदलतात, टाकीत बर्फ टाकतात, दुरुस्तीवाल्याला बोलावतात. यंत्रात काहीच बिघडलेले नसते. हवा बदललेली असते.

एसीकडे येऊ. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने १९०२ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आधुनिक वातानुकूलनाची पहिली यंत्रणा आखली ती माणसांच्या सुखासाठी नव्हती. दमट हवेत कागद फुगत असे आणि एकावर एक छापायचे रंग जुळत नसत. हवेतले पाणी काढणे ही त्याची गरज होती. मुंबईच्या कापड गिरण्यांना याच्या उलट गरज होती. सूत तुटू नये म्हणून त्यांच्या विणकाम खात्यांत हवेत मुद्दाम ओल सोडली जाई. एकूण, एसीचा जन्मच पाणी काढण्यासाठी झाला आणि मुंबईच्या मे महिन्यात त्याचे तेच काम महत्त्वाचे ठरते. त्याच्या आतले वेटोळे हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड असते. खोलीतली हवा त्यावरून गेली की गार होते आणि तिच्यातले पाणी वेटोळ्यावर जमते. कूलर हवेत पाणी घालतो, एसी ते काढून घेतो, म्हणूनच ओले तापमान उतरते ते एसीने.

हे पाणी मोजता येते. अंधेरी-बोरिवलीच्या कोणत्याही इमारतीच्या मागच्या बाजूला ठिबकणाऱ्या नळ्या दिसतात. खालच्या मजल्याचे आणि वरच्या मजल्याचे त्यावरून भांडण असते. विद्यार्थ्यांनी त्या नळीखाली तासभर बादली ठेवून मोजपात्राने पाणी मोजावे. पूर्ण वेगाने चालणाऱ्या एक टनाच्या यंत्रातून मेच्या दमट दिवसात तासाला एक ते दीड लिटर पाणी निघू शकते. प्रत्येक लिटरमागे हवेतल्या बाष्पाने सुमारे २४ लाख ज्यूल, म्हणजे वीज मोजण्याच्या भाषेत दोन तृतीयांश युनिट, उष्णता वेटोळ्याला दिलेली असते. (‘टन’ हे यंत्राचे वजन नव्हे. अमेरिकेतला एक टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जितक्या वेगाने उष्णता शोषून घेईल तो वेग, म्हणजे साडेतीन किलोवॉट.) शीतनाची बरीच क्षमता पाणी काढण्यातच खर्च होते. त्यामुळे तापमापकाचा आकडा फारसा उतरलेला नसतानाही खोलीत बरे वाटते.

याची किंमत मोजावी लागते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. एक टनाचे यंत्र सरासरी ०.७ किलोवॉट वीज घेते असे धरले तर रोज रात्रीचे आठ तास, महिन्याला सुमारे १७० युनिटे होतात. कूलरची त्रेचाळीसच्या आसपास, साध्या पंख्याची अठरा, आणि नव्या बीएलडीसी पंख्याची त्याच्या निम्मी. अंधेरी-बोरिवलीत अदानी किंवा टाटा, मुलुंडला महावितरण; वीज कोणाचीही असो, दर टप्प्याटप्प्याने चढतो. महिन्याला दीडशे युनिटे वापरणारे घर एसीमुळे तीनशेचा टप्पा ओलांडते आणि वरच्या युनिटांना महाग दर लागतो. देशातल्या विजेच्या एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो हेही त्यात धरावे.

शिवाय एसीही उष्णता नाहीशी करत नाही, फक्त शेजाऱ्याकडे ढकलतो. साडेतीन किलोवॉट आतून काढायला एक किलोवॉट वीज लागली तर बाहेर साडेचार किलोवॉट सोडले जातात. पुनर्विकासात उभ्या राहिलेल्या दोन इमारतींमधल्या अरुंद चौकात अशी वीस यंत्रे एकमेकांकडे तोंड करून बसवलेली असली की ज्या घरात एसी नाही त्याच्या खिडकीशी काय होत असेल याचा विचार करावा. बंद खोलीतल्या साध्या स्प्लिट एसीत ताजी हवाही येत नाही. ४० मुलांच्या वर्गात तो लावण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी. शीतकाचा प्रश्न आहेच. आज बहुतेक घरगुती यंत्रांत असणारा आर-३२ ओझोनला धक्का लावत नाही, पण हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट उष्णता अडवतो. अशा शीतकांचा वापर कमी करण्याच्या २०१६च्या किगाली कराराला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली.

एवढे दोष असताना ‘पर्यावरणासाठी कूलर वापरा’ असे निबंधाचे उत्तर लिहिणे सोपे आणि पुण्यप्रद वाटते. मला ते मुंबईपुरते बेजबाबदार वाटते, कारण दमट उष्म्यात माणसे दगावतात. ओले तापमान ३५ अंशांवर गेले तर सावलीत, वाऱ्यात, भरपूर पाणी पिऊनही शरीर आपली उष्णता टाकू शकत नाही, हा सैद्धांतिक हिशेब शेरवुड आणि ह्यूबर यांनी २०१० मध्ये मांडला. पेनसिल्व्हेनियातल्या प्रयोगांचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आणखी कठोर आहेत. दमट हवेत तरुण, निरोगी माणसांचीही मर्यादा ३०-३१ अंशांच्या आसपासच संपते. मेमधले आपले साडेसत्तावीस तिथून फार लांब नाहीत. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर उन्हात बसलेल्या जमावातल्या चौदा जणांचा उष्माघाताच्या त्रासाने मृत्यू झाला. त्या दिवशी त्या भागातले तापमान चाळीसच्या आतच होते. हवामान खातेही उष्णतेच्या लाटेच्या निकषात मैदानी भागासाठी ४० अंश धरते, किनाऱ्यासाठी ३७. घरात ऐंशीच्या घरातले आजी-आजोबा असतील, कोणी हृदयरोगी असेल, तर त्यांच्या बंद खोलीत कूलर लावून ‘सोय केली’ असे समाधान मानणे धोक्याचे आहे.

मधला मार्ग आहे. जाहिराती १८ अंशांचे चित्र दाखवतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०२० पासून नव्या यंत्रांचा मूळ आकडा २४ वर ठेवायला लावला आहे. मुंबईत २७ वर एसी आणि वर मंद पंखा चालवून पाहा. पाणी निघते, वारा मिळतो, काँप्रेसर कमी वेळ चालतो. एकच खोली, रात्रीचे तेवढे तास आणि मेचे अतिशय दमट आठवडे. बाकी वर्षभर पंखा. ज्यांना एसी परवडत नाही त्यांनी कूलरचे पैसे दोन चांगल्या पंख्यांवर आणि समोरासमोरच्या खिडक्या मोकळ्या करण्यावर घालावेत. विजेचा आणि पैशांचा तोच खर्च अधिक उपयोगी पडेल.

आणि बाष्पीभवनाला मुंबईत वावच नाही असेही समजू नये. ते खोलीच्या आत नको, एवढेच. वरच्या मजल्यावरच्या घराची गच्ची दुपारी हवेपेक्षा कितीतरी जास्त, पन्नास अंशांच्याही वर तापते. ओले तापमान साडेसत्तावीस असले तरी इतक्या तापलेल्या पृष्ठावरून पाणी झपाट्याने उडते आणि त्याचे बाष्प खोलीत न येता वाऱ्याबरोबर निघून जाते. चार वाजता गच्चीवर पातळ शिडकावा केला तर रात्री खाली पाझरणारी उष्णता कमी होते. गच्चीला पांढरा रंग किंवा पांढऱ्या चिनीमातीचे तुकडे लावले तर पाणीही लागत नाही. शाळेच्या गच्चीवर एक चौरस मीटर कोरडा, एक शिंपडलेला आणि एक चुना फासलेला असे तीन तुकडे आखून त्या तिन्हींवर तापमापक टेकवून ठेवावेत, फुग्यावर पुठ्ठ्याची सावली धरावी आणि दुपारी दोनपासून सहापर्यंत दर अर्ध्या तासाला नोंद घ्यावी. जोडीला कोरडा-ओला तापमापक हवाच.